रुंद टायरची वेगवान सायकल
उंच आणि शंभर किलोच्या आसपास वजन असलेल्या माणसानं वेगासाठी बारीक टायरची सायकल घ्यावी, हा समज आता सोडायला हवा. 23 मिलिमीटरच्या टायरमध्ये एवढं वजन पेलायला हवा दगडासारखी टणक भरावी लागते; मग खडबडीत डांबरावर चाक उसळतं आणि पायांची ताकद हादऱ्यांत वाया जाते. 35 मिलिमीटरचा, लवचीक कडांचा टायर कमी हवेतही तेच हादरे पोटात घेतो. शर्यतपटूसुद्धा 23 वरून 28 वर आले आहेत. रुंद टायर जड असतो, हे खरं. पण स्वार आणि सायकल मिळून 112 किलो भरत असताना अर्धा किलो म्हणजे अर्धा टक्काही नाही. सपाटीवर खरा अडसर वाऱ्याचा: वेग दुप्पट झाला की त्याचा विरोध चौपट. म्हणून अंग पुढे झुकवता यावं अशी, उंचीला साजेशी मोठी फ्रेम घ्या, हँडल थोडं खाली ठेवा, मात्र कंबर अवघडेल इतकं नको. आणि एवढं वजन पेलायला मागच्या चाकाला निदान 32 स्पोक आहेत ना, हे दुकानातच मोजून घ्या.