नोंद दस्ताची, मालकी कोणाची?

खरेदीखतावर सह्या झाल्या, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठे आणि फोटो घेतले गेले, की जमीन घेणाऱ्याला वाटतं, आता सरकारनेच आपल्याला मालक ठरवलं. तसं झालेलं नसतं. १९०८च्या नोंदणी कायद्याखाली नोंदला जातो तो दस्त. विकणारा खरोखर मालक होता का, हे तपासणं दुय्यम निबंधकाचं काम नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२५मध्येही तेच सांगितलं. सातबारा तर मुळात महसुलाचा कागद. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७नुसार त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची, इतकंच. फेरफार मंजूर झाल्याने मालकी जन्माला येत नाही.

मग मुद्रांक शुल्कापायी एवढा पैसा का ओतायचा, असं कोणी विचारलं तर त्याचा राग येऊ नये. एक तर शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होतच नाही. पण खरं मोल आहे ते व्यवहार उजेडात येण्याचं. तोच प्लॉट दुसऱ्याला विकणारे नेहमी पहिला व्यवहार कोणाला ठाऊक नसल्याचा फायदा घेतात. दस्त नोंदलेला असला की नंतर येणाऱ्याला ‘मला माहीत नव्हतं’ म्हणण्याची सोय राहत नाही. १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा त्याला ते माहीत होतं असंच धरतो. मात्र नंतर येणाऱ्याला या नोंदीचा उपयोग ती शोधली तरच होतो. सातबारा नीट वाचला तर जुन्या नावाला कंस झालेला दिसतो, शेजारी फेरफार क्रमांक असतो, इतर हक्कात सोसायटीचा बोजा असतो. तो एकेक फेरफार काढून, नोंदलेल्या दस्तांच्या सूचीशी, म्हणजे इंडेक्स टूशी, ताडून तीस वर्षं मागे जाणं, ही वकिलाच्या शोध अहवालामागची खरी मेहनत.

हे ओझं खरेदीदारानेच का वाहावं? दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८मध्ये रॉबर्ट टॉरेन्स यांनी उलटा मार्ग आणला: सरकारी नोंदवहीतलं नाव हीच मालकी, आणि नोंदीच्या चुकीने निर्दोष माणूस बुडाला तर भरपाईची सोय. आपल्याकडेही सरकारने अशी हमी घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. त्यावरचा आक्षेप गंभीर आहे. वारसनोंदीत बहिणींची नावं गाळलेली असतील, मोजणी आणि वहिवाट जुळत नसेल, आणि त्यावरच हमीचा शिक्का बसला, तर अन्यायच पक्का होईल. म्हणून हमी गावागावाने यावी: आधी नवी मोजणी, मग सगळ्या वारसांना घरपोच नोटीस, हरकतींसाठी पुरेसा काळ, आणि भरपाईचा पैसा आधीच बाजूला काढलेला. नुसता सातबारा संगणकावर चढवून यातलं काहीच साधत नाही. कागदावर गाळलेलं बहिणीचं नाव पडद्यावरही गाळलेलंच राहतं.