जंगल वाचवायला आधी थोडं जाळावं लागतं
जानेवारीत मेळघाटात किंवा ताडोबाकडे रस्त्यालगत काळाभोर पट्टा दिसला, की लगेच ‘वणवा लागला’ म्हणून व्हिडिओ फिरवू नका. बहुतेकदा ती वनखात्याने मुद्दाम जाळलेली जाळरेषा असते. आणि माझ्या मते जंगलातलं ते सगळ्यात मोलाचं काम आहे!

आपल्याकडे वणव्यांचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याआधी ठरलेल्या पट्ट्यातलं गवत कापायचं, वाळू द्यायचं आणि वारा पडलेला असताना पेटवायचं. वनमजूर ओल्या डहाळ्या घेऊन दोन्ही कडांना उभे असतात. ठिणगी बाहेर उडाली, की जागच्या जागी झोडपून विझवतात. पुढे एप्रिलमध्ये आग या पट्ट्याशी आली, की तिला खायला काही उरत नाही.

अर्थात, सागाची पानगळ सुरूच असते. त्यामुळे पट्टा पुन्हा पुन्हा झाडावा लागतो. सोसाट्याचा वारा असला तर ठिणग्या तो ओलांडूनही जातात. शिवाय मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवला जातो, त्यातूनही वणवे भडकतात. तिथे पाला झाडून बाजूला करणं हाच उपाय.

जाळरेषेबाहेर आग दिसली, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.