कामानंतरची जागा लिहा
कोटेशनची भाषा : लेखांक ६ (झाडकाम आणि जागेची साफसफाई)

पावसाळा तोंडावर आला की पालघर, बोईसर, तारापूर पट्ट्यात झाडकामाची घाई सुरू होते. कंपन्यांना कुंपणावर आलेल्या फांद्या उतरवायच्या असतात, सोसायटीला कललेल्या झाडाची धास्ती असते, नवा प्लॉट घेतलेल्याला सुबाभूळ आणि झुडपं काढून जागा मोकळी हवी असते. घाईत व्हॉट्सॲपवर एका ओळीचं कोटेशन जातं : ‘झाड तोडून जागा साफ करून देणे, एकूण रक्कम अमुक.’

भांडणाचं बी याच ओळीत आहे. ठेकेदाराच्या मनात झाड आडवं झालं की काम झालं. मालकाच्या मनात मात्र बुडखा निघालेला असतो, खड्डा बुजलेला असतो आणि पाल्याचं एक पानही उरलेलं नसतं. दोघंही प्रामाणिक असतात, तरी शेवटचं पेमेंट अडकतं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम २९ सांगतं की ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करारच रद्दबातल. कायद्यात दिलेलं उदाहरण शंभर टन तेलाचं आहे : कोणतं तेल हेच ठरलेलं नसेल तर सौदा कशाचा? ‘जागा साफ’ या शब्दांचीही गत तशीच होऊ शकते.

म्हणून नियम एकच ठेवा. काय करणार एवढंच लिहून थांबू नका; काम संपल्यावर जागा कशी दिसेल तेही लिहा. समजा, कंपनीच्या आवारातलं एक झाड उतरवायचं आहे. मजकूर असा करा :

‘पूर्वेच्या कुंपणालगतचा एक रेन ट्री, छातीच्या उंचीवर घेर सुमारे ७ फूट. दोर बांधून वरून टप्प्याटप्प्याने उतरवणे व जमिनीपासून ६ इंचांवर कापणे. बुडखा जागेवर राहील. तो उपटून खड्डा मुरमाने भरायचा असल्यास दर वेगळा, खाली दिला आहे. फांद्या व पाला आमच्या गाडीने ३ दिवसांत आवाराबाहेर नेणे. खोडाचे ४ फुटी ओंडके करून गेटजवळ रचणे. लाकूड मालकाचे.’

यात बुडखा, पाला आणि लाकूड या तिन्हींचा निकाल लागला. झाडकामातले बहुतेक वाद या तिघांभोवतीच फिरतात.

जागा साफ करायची असेल तर मापं लिहा. क्षेत्र गुंठ्यांत द्या. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. माती आणि राडारोडा ब्रासमध्ये मोजा; एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. नुसत्या ‘गाड्या’ लिहू नका, कारण ट्रॅक्टरची ट्रॉली आणि डंपर यांत मोठा फरक असतो. जेसीबी तासावर असेल तर किमान किती तास, आणि मशीन आणण्या-नेण्याचं भाडं धरलंय की नाही, हे नोंदवा.

आता परवानगी. ‘परवानगी मालकाची’ एवढं लिहून भागत नाही. पालघर शहरात नगर परिषद, औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसी. तिथे १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा पाहावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा आला आणि भरपाईची रोपं तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी लावण्याची अट आली. तो खर्च कोणाचा, हे कोटेशनमध्येच ठरवा. गावठाण-शेतात साग, खैर, मोह, आंबा, चिंच यांसारख्या झाडांना १९६४ चा वृक्षतोड कायदा लागतो. आदिवासी खातेदाराच्या जमिनीवरील झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे; तिथे ‘लाकूड ठेकेदाराचे’ ही ओळ परस्पर लिहूच नका. तिवरांना तर हातही लावायचा नाही. बुलेट ट्रेनच्या मार्गातल्या तिवरांसाठीसुद्धा मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं आणि परवानगी मिळाली ती डिसेंबर २०२२ मध्ये. परवानगीची प्रत हातात आल्यावरच काम सुरू होईल, हे वाक्य प्रत्येक कोटेशनमध्ये हवंच. ते मालकालाही वाचवतं आणि झाडालाही.

शेवटी ‘काम कधी थांबेल’ असा छोटा मथळा द्या. वरून वीजवाहिनी जात असेल तर पुरवठा बंद करून घेण्याची जबाबदारी कोणाची? पावसाने जमीन भुसभुशीत होऊन गाडी रुतत असेल तर मुदत किती वाढेल? औद्योगिक प्लॉटवर खोदताना रसायनाची पिंपं सापडली तर काम तिथेच थांबेल आणि मालकाला लेखी कळवलं जाईल, हे आधीच लिहा. मजुरांच्या जिवाचा प्रश्न आहे. जीएसटी धरून की वेगळा, दर किती दिवस लागू, कुंपणाला इजा झाली तर दुरुस्ती कोण करणार, याही ओळी इथेच.

लिहून झालं की कोटेशन जागा न पाहिलेल्या आपल्याच ऑपरेटरला वाचून दाखवा. कुठून सुरू करायचं, काय ठेवायचं आणि कुठे थांबायचं, हे त्याला न विचारता सांगता आलं तर कोटेशन पाठवा. तो जिथे अडेल तिथे ग्राहकही अडणार. ती ओळ पुन्हा लिहा.

पुढच्या आठवड्यात : बोअरवेलचं कोटेशन. पाणी लागलं नाही तर पैसे कशाचे?