ऐकून घेण्याचे सामर्थ्य आणि त्याच्या सीमा : मानवतावादी मानसोपचाराविषयी

१

'मानवतावादी' हा शब्द ऐकताच मराठी वाचकाला मानवेंद्रनाथ रॉय आणि त्यांच्या विचारांचा महाराष्ट्रात परिचय करून देणारे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्या शब्दाला भूतदयेचाही एक जुना सूर आहे. मानसोपचाराच्या क्षेत्रात मात्र हा शब्द निराळ्या संदर्भात रूढ झाला, आणि तो संदर्भ ध्यानात घेतल्यावाचून या उपचारपद्धतीचे गुणदोष नीट कळत नाहीत.

विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेतील मानसशास्त्रात दोन प्रवाह प्रबळ होते. फ्रॉइडप्रणीत मनोविश्लेषणाच्या दृष्टीने मनुष्याचे वर्तन मुख्यतः नेणिवेतील प्रेरणांनी ठरत होते. वर्तनवादाच्या दृष्टीने ते चेतक आणि प्रतिक्रिया यांच्या साखळीने ठरत होते. दोहोंतही स्वतःविषयी बोलणाऱ्या, निवड करणाऱ्या, अर्थ शोधणाऱ्या माणसाला दुय्यम स्थान होते. अब्राहम मॅस्लो, कार्ल रॉजर्स आणि त्यांचे सहविचारी यांनी या दोन्ही प्रवाहांहून भिन्न असा तिसरा प्रवाह उभा केला. १९६१ मध्ये त्यांचे स्वतंत्र नियतकालिक निघाले. मनुष्याच्या ठायी वाढण्याची, स्वतःला पूर्णत्वाकडे नेण्याची उपजत प्रवृत्ती असते. अनुकूल वातावरण मिळाले की ती आपला मार्ग आपणच शोधते, हे या प्रवाहाचे मूलभूत गृहीत होय.

उपचाराच्या दृष्टीने यांतील सर्वांत महत्त्वाचे नाव रॉजर्स यांचे आहे. १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी एका संपूर्ण उपचाराचा ध्वनिमुद्रणावरून उतरवलेला शब्दशः वृत्तान्त छापला. बंद दाराआड काय घडते हे अभ्यासकांसमोर मांडण्याचा तो धाडसी उपक्रम होता. पुढे १९५७ च्या एका निबंधात त्यांनी व्यक्तिमत्त्वात परिवर्तन घडण्यासाठी लागणाऱ्या सहा अटी सांगितल्या. त्यांपैकी तीन उपचारकाकडून अपेक्षित आहेत : समोरच्याचे जग त्याच्या नजरेने पाहण्याची समानुभूती, त्याचा निरपेक्ष स्वीकार, आणि स्वतःच्या आत जे आहे त्याच्याशी प्रामाणिक राहणारी सुसंगती. या अटी आवश्यक तर आहेतच, शिवाय त्या पुरेशाही आहेत, असा रॉजर्स यांचा दावा होता. गेल्या साठ-पासष्ट वर्षांतील वादाचा मोठा भाग या 'पुरेशा' शब्दाभोवती फिरत आला आहे.

२

हा वाद मराठी माणसाच्या संदर्भात कसा उभा राहतो, हे पाहण्यासाठी बंगळूरच्या दक्षिण भागातील जे. पी. नगर ही वसाहत सोयीची आहे. जयप्रकाश नारायण यांच्या नावाची ही वसाहत निरनिराळ्या टप्प्यांत विभागलेली असून तिथले रहिवासी त्या टप्प्यांना 'फेज' म्हणूनच ओळखतात. २००४ पासून येथे शंकर नाग यांच्या स्मरणार्थ उभे राहिलेले 'रंगशंकरा' नाट्यगृह आहे आणि त्याच्या रंगमंचावर अनेक भाषांतील नाटके होतात. होसूर मार्गावरील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेली 'निम्हान्स', याच शहरात आहे. १९५४ साली सुरू झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आणि म्हैसूर राज्याचे मानसिक रुग्णालय यांच्या एकत्रीकरणातून १९७४ मध्ये ती आकाराला आली. बंगळूर आणि मराठी यांचा संबंध शहाजीराजांच्या जहागिरीइतका जुना आहे. परंतु संगणक व्यवसायाच्या निमित्ताने अलीकडे आलेली मराठी कुटुंबे ही त्याची नवी शाखा. त्यांच्या मागोमाग त्यांचे वृद्ध आईवडीलही येतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. साताऱ्याच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका पतीच्या निधनानंतर मुलाकडे जे. पी. नगरला राहावयास येतात. घर प्रशस्त, मुलगा-सून प्रेमळ, नातवंडे लाघवी. तरीही बाईंना झोप लागत नाही, छातीत धडधडते, पूजेत मन लागत नाही. सर्व तपासण्यांत काही निघत नाही. 'मन रमवा', 'भजनी मंडळात जा', 'बाबांची आठवण येणारच', असे प्रत्येक जण प्रेमाने सांगतो. अखेर सून त्यांना एका समुपदेशिकेकडे नेते.

३

मानवतावादी पद्धतीचे पहिले सामर्थ्य येथे दिसते. ती समुपदेशिका या परंपरेत मुरलेली असेल, तर ती प्रथम निदान करणार नाही आणि उपायही सांगणार नाही. ती ऐकेल. जे ऐकले ते आपल्या शब्दांत परत मांडून पाहील : 'घर माणसांनी भरलेलं आहे, पण तुमची अशी जागा त्यात सापडत नाही, असं काहीसं होतंय का?' या प्रश्नात उत्तर दडवलेले नसते. आपल्याला नीट कळले की नाही, याची ती चाचपणी असते. अशा दोन-तीन बैठकींनंतर बाई कदाचित असे काही बोलून जातील, की जे त्यांनी स्वतःलाही सांगितले नव्हते. पतीच्या मृत्यूचे दुःख त्यांनी ओळखले होते. साताऱ्याचे घर विकण्याच्या कागदावर सही करताना आपल्याला कोणी विचारलेच नाही, हे शल्य मात्र त्यांनी कृतज्ञतेखाली झाकून ठेवले होते.

सल्ला देणाऱ्यांच्या गर्दीत हे शल्य वर येणे कठीण होते, कारण प्रत्येक सल्ला त्यांना आणखी एक कृतज्ञता शिकवीत होता. निरपेक्ष स्वीकार या शब्दप्रयोगाचा व्यावहारिक अर्थ हाच. चांगली आई, समंजस सासू, खंबीर विधवा यांपैकी कोणतीही भूमिका न वठवता बाई तेथे तासभर बसू शकतात.

दुसरे सामर्थ्य असे, की ही पद्धती प्रत्येक दुःखाला रोगाचे नाव देत नाही. शोक, परकेपणा, वार्धक्यातील पराधीनता ही जीवनाची अंगे आहेत, आणि त्यांना केवळ लक्षणांची यादी म्हणून पाहिले तर माणूस हरवतो, ही तिची जाणीव मोलाची आहे.

तिसरे सामर्थ्य तिच्या प्रभावात आहे. आज कोणत्याही पद्धतीचा उपचारक घडवताना ऐकण्याचे शिक्षण आधी दिले जाते, आणि त्याचे श्रेय बहुतांशी रॉजर्स यांचे. गोव्यात 'संगत' या संस्थेने प्राथमिक आरोग्यकेंद्रांतील तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी, वैद्यकीय पदवी नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकरवी एक अल्पकालीन उपचार राबवला. सुमारे पाचशे रुग्णांवरील त्याच्या चाचणीचे अनुकूल निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तो उपचार मुळात वर्तनवादी वळणाचा, दिनक्रमात अर्थपूर्ण कृती पुन्हा आणण्यावर भर देणारा आहे. तरीही त्या समुपदेशकांच्या शिक्षणात समानुभूतीने ऐकणे हा पायाच मानला गेला.

४

आता मर्यादांकडे वळले पाहिजे. पहिली मर्यादा स्वतः रॉजर्स यांच्या प्रयोगानेच दाखवून दिली. १९५७ नंतर त्यांनी विस्कॉन्सिन येथे रुग्णालयातील स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर आपली पद्धती तपासून पाहिली. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेला वृत्तान्त उत्साहवर्धक नव्हता. उपचार मिळालेल्या व न मिळालेल्या गटांत एकंदरीने फारसा फरक आढळला नाही. जेथे समानुभूती अधिक होती तेथे काही सुधारणा दिसली, इतकेच. ज्याला भास होतात, ज्याचा वास्तवाशी संबंध तुटला आहे, त्याला औषधोपचाराची गरज असते. नुसत्या ऐकण्यावर विसंबून तो उपचार लांबवणे ही दया ठरत नाही. आत्महत्येचे विचार, तीव्र उन्माद, दीर्घ व्यसनाधीनता यांबाबतही हेच म्हणावे लागेल. आपल्या उदाहरणातील बाईंची निद्रानाशाची तक्रार तीव्र नैराश्यापर्यंत पोहोचली आहे काय, हे कोणीतरी जाणकाराने तपासलेच पाहिजे. निदानाविषयीची अनास्था येथे धोक्याची होते.

दुसरी मर्यादा परिणामाच्या टिकाऊपणाची आहे. इंग्लंडमधील शेफील्ड येथे ५१० नैराश्यग्रस्तांवर व्यक्तिकेंद्रित उपचार आणि बोधनिक-वर्तन उपचार यांची तुलना करण्यात आली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनंतर पहिली पद्धती दुसरीहून कमी ठरली नाही. परंतु वर्षअखेरीस दुसरीचे पारडे जड झाले. मन मोकळे होणे आणि पुढल्या संकटाला तोंड देण्याचे निश्चित कौशल्य हाती असणे, या दोन निराळ्या गोष्टी असाव्यात, असा तर्क यावरून करता येतो.

तिसरी मर्यादा तात्त्विक आहे. १९५७ च्या एप्रिल महिन्यात मिशिगन विद्यापीठात रॉजर्स आणि तत्त्वज्ञ मार्टिन ब्यूबर यांचा जाहीर संवाद झाला. उपचारक आणि साहाय्यार्थी यांची भेट हे दोन समान माणसांचे मीलन आहे, ही रॉजर्स यांची धारणा ब्यूबर यांनी मान्य केली नाही. एक मदत मागावयास आला आहे, दुसरा ती देण्याच्या स्थितीत आहे. एक दुसऱ्याचे अंतरंग पाहतो, दुसरा ते पाहू शकत नाही. हा आक्षेप अद्याप निरुत्तर आहे. तासाचे शुल्क, खोली आणि वेळ ज्याच्या हाती, त्याने समतेची भाषा बोलताना सावध असावे.

चौथी मर्यादा सामाजिक आहे. बाईंचे शल्य बोलून झाले, तरी साताऱ्याचे घर परत येत नाही. मालमत्तेवरील अधिकार, स्वतःचे उत्पन्न, घरातील निर्णयांत स्थान हे प्रश्न व्यक्तीच्या आंतरिक वाढीने सुटत नाहीत. वाढीची प्रवृत्ती उपजत असेलही. ज्या मातीत ती वाढावयाची, ती माती मात्र समाज देतो.

५

भारतीय भाषांच्या अभ्यासकाला विशेष विचार करावयास लावील अशी आणखी एक मर्यादा आहे. ज्या उपचाराचे एकमेव साधन संवाद आहे, त्याचे भवितव्य भाषेवर अवलंबून असते.

'समुपदेशन' या रूढ शब्दातच 'उपदेश' आहे. उपदेश न करणे हे ज्या पद्धतीचे व्रत, तिचे मराठी नाव उपदेशाने घडावे, हा निव्वळ पारिभाषिक अपघात नाही. आपल्याकडे दुःखी मनुष्य जाणत्याकडे जातो तो मार्ग विचारण्यासाठी. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ मध्ये गुरू-चेला संबंधाकडे उपचाराचा एक संभाव्य नमुना म्हणून पाहावे, असे सुचवले ते याच जाणिवेतून. 'तुम्हीच सांगा आता काय करू', या बाईंच्या प्रश्नाला केवळ मौनाने उत्तर दिले, तर ते मौन त्यांना आदर न वाटता उपेक्षा वाटण्याचा संभव अधिक. महाराष्ट्रात अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती कि. मो. फडके यांच्या प्रयत्नांनी रुजली आणि १९९० मध्ये ठाण्यात स्थापन झालेल्या आनंद नाडकर्णी यांच्या मानसिक आरोग्य संस्थेने ती पुढे नेली. एलिस स्वतःच्या पद्धतीलाही मानवतावादी म्हणवीत. पण ती वाद घालते, शिकवते, गृहपाठ देते. मराठी मनाला ती जवळची वाटली असेल, तर त्यामागे प्रबोधनाची आणि निरूपणाची आपली जुनी सवय असावी.

व्याकरणाचाही येथे संबंध पोहोचतो. 'आपल्या भावनेची मालकी घ्या', अशा आशयाची सूचना या परंपरेत वारंवार केली जाते. मराठीत मात्र राग येतो, रडू कोसळते, वाईट वाटते. अनुभवणारा 'मला' असा येतो आणि भावना स्वतः कर्त्याच्या स्थानी बसते. 'मला राग आला' असे म्हणणारी स्त्री जबाबदारी टाळीत नसते, ती शुद्ध मराठी बोलत असते. इंग्रजी वाक्यरचनेवर पोसलेल्या उपचारकाला यात पलायन दिसले, तर तो दोष बाईंचा नव्हे.

संबोधनांचेही तसेच. समुपदेशिकेने बाईंना 'काकू' म्हटले की जिव्हाळा येतो. पण त्याच क्षणी बाई वडीलधाऱ्या होतात, आणि पुतणीसमोर सुनेविषयी बोलणे त्यांना अप्रशस्त वाटते. 'मॅडम' म्हटले तर मोकळीक येते, ओलावा जातो. आणि संभाषण हिंदीत किंवा इंग्रजीत होणार असेल, तर बाई सभ्य, शाळेत शिकवल्यासारखी वाक्ये बोलतील. जिवाला लागलेले शब्द मराठीतच राहतील, आणि समानुभूतीला पोहोचावयाचे असते ते नेमके तेथे.

६

तात्पर्य, मानवतावादी पद्धती हा मानसोपचाराचा पाया आहे. संपूर्ण इमारत ती नव्हे. शोक, एकाकीपणा, नात्यांतील गुंता, आयुष्याच्या वळणावरील संभ्रम यांत ती पुष्कळ काही देऊ शकते. जेथे रोगाचे स्वरूप तीव्र आहे, तेथे मानसोपचारतज्ज्ञाची गाठ घेणे अगत्याचे होय. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेलि-मानस' ही शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे, ही गोष्ट परमुलखात राहणाऱ्या कुटुंबांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

समुपदेशक निवडताना त्याची पदवी व अनुभव विचारले जातात, ते योग्यच आहे. त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावयास हवा : ज्या भाषेत हे माणूस रडते, ती भाषा तुम्हाला कळते काय? उत्तर नकारार्थी आले, तरी उपचार अशक्य ठरत नाही. मात्र आपल्याला काय ऐकू येत नाही, याची जाण उपचारकाने ठेवली पाहिजे. आणि घरच्यांनी, सल्ला देण्यापूर्वी, साताऱ्याच्या घराविषयी एकदा विचारून पाहिले पाहिजे.