टाकी हिरवी झाली की ग्राहक जातो!

कमी भांडवलात सुरू होणाऱ्या सेवांमध्ये मी ॲक्वेरियम मेन्टेनन्सचं नाव घेतो, तेव्हा बरेच जण म्हणतात, "सर, त्यात काय, काच पुसायची आणि पाणी बदलायचं." तिथेच गाडी अडकते.

आमच्या एका बॅचमधल्या मुलाला पहिलं काम मिळालं ते एका दवाखान्याच्या वेटिंग रूममधलं. टाकी हिरवीगार. पठ्ठ्याने दिवसभर राबून सगळं पाणी काढलं, खडी धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळला. संध्याकाळी टाकी आरशासारखी! डॉक्टर खूश, फोटो काढले. तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडायला लागले, चौथ्या दिवशी निम्मे मेले. काम तर गेलंच, वर माशांचे पैसे भरावे लागले.

झालं काय? माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी. स्पंजमध्ये आणि खडीत राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट माशांना बरंच सोसतं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने हे फुकटचे कामगार एका दिवसात मेले. म्हणून स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, हलक्या हाताने. तो मळकट दिसला तरी चालेल.

आता शेवाळाकडे येऊ. नायट्रेट हे शेवाळाचं खत. खत आणि उजेड, दोन्ही मिळाले की ते वाढणारच. तुम्ही काच कितीही घासा, पंधरा दिवसांत परत हजर. म्हणून ग्राहकाच्या घरी गेल्यावर ब्रश बाहेर काढायच्या आधी दोन गोष्टी विचारा. लाइट किती तास चालू असतो? आणि खाद्य कोण घालतं?

पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा असतं, "सकाळी लावतो, झोपताना बंद करतो." म्हणजे चौदा-पंधरा तास! सहा ते आठ तास पुरे. साधा टायमर बसवून द्या, कारण ग्राहक बटण बंद करायला विसरणारच. टाकीवर खिडकीतून थेट ऊन पडत असेल तर जागा बदला, ते जमत नसेल तर पडदा लावायला सांगा.

दुसऱ्याचं उत्तर आणखी गमतीदार. सकाळी आजोबा घालतात, दुपारी शाळेतून आलेली मुलगी, रात्री बाबा. प्रत्येकाला वाटतं मासे उपाशी आहेत. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढंच खाद्य घालायचं, आणि ते काम घरातल्या एकाच माणसाकडे द्यायचं. हे सांगायला संकोच वाटतो, पण सांगा. न सांगितल्याचा खर्च तुमच्याच फेऱ्यांवर पडतो.

बाकी नेहमीचं काम सोपं आहे. 2 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 फूट उंच टाकीत साधारण 55 लिटर पाणी मावतं. त्यातलं पाव, म्हणजे एक बादली, दर आठवड्याला बदला. नवीन पाण्यात अँटी-क्लोरीन विसरू नका. काचेवरचे कडक हिरवे ठिपके जुन्या प्लास्टिक कार्डाने निघतात; ॲक्रिलिकची टाकी असेल तर जपून, ओरखडे पडतात. पाणीच हिरवं झालं असेल तर तीन दिवस टाकी जाड कापडाने झाकून अंधार करा, हवेचा पंप मात्र चालू ठेवा आणि नंतर पाणी बदला. नवीन टाकीत पहिल्या काही आठवड्यांत येणारा तपकिरी थर बहुतेक वेळा आपोआप जातो. हे ग्राहकाला आधीच सांगून ठेवलं की घाबरून फोन येत नाही.

शेवाळ मारायची औषधं दुकानात मिळतात, पण मी त्यांच्या भानगडीत पडत नाही. कारण तसंच राहतं आणि तांबं असलेल्या औषधाने गोगलगायी, झिंगे मरतात. त्यापेक्षा वॅलिसनेरियासारखी भराभर वाढणारी झाडं लावा, ती शेवाळाचं खत स्वतःच खातात.

एक मोह मात्र टाळा. "शेवाळ खातो" म्हणून दुकानदार सकर फिश गळ्यात मारतात. बोटभर पिल्लू दिसतं, पण ते फुटापेक्षाही मोठं होतं. शेवाळ कमी खातं आणि घाण जास्त करतं. मग कंटाळलेला ग्राहक त्याला नदीत सोडतो. हा दक्षिण अमेरिकेतला मासा आज केरळच्या जलाशयांपासून गंगेपर्यंत सापडतोय आणि जाळी फाडून मच्छीमारांना छळतोय. ग्राहकाला नको असेल तर तुम्ही घ्या, दुकानात परत द्या.

आता पैशाचं. हिरव्या टाकीची पहिली भेट महिन्याच्या दरात धरू नका, तिचे वेगळे पैसे सांगा. तिला तीन-चार तास जातात, पुढच्या फेऱ्या अर्ध्या-पाऊण तासात होतात. प्रत्येक फेरीला वहीत तारीख, किती पाणी बदललं, लाइटचे तास लिहा आणि ग्राहकाची सही घ्या. आमचा तो मुलगा आता हेच करतो. परवा एका घरी टाकी परत हिरवी झाली, तेव्हा वही उघडली. गावाहून पाहुणे आले होते, आणि टायमर काढून त्या जागी मोबाइलचा चार्जर लावला होता.