मुलास भूत दिसतें तेव्हां

आमच्या परिचयाचे एक किराणा व्यापारी गेल्या पंधरवड्यांत आमच्याकडे सल्ला विचारण्यास आले होते. सल्ला वकिलाचा हवा कीं वैद्याचा, हें त्यांचें त्यांनाच ठरवितां येईना. त्यांच्या आठ वर्षांच्या कन्येस रात्रीं निजतेवेळीं मयत आजी दाराशीं बसलेली दिसते. घरच्या मंडळींनीं एका देवऋषीस गांठलें. त्यानें 'बाहेरची बाधा' ठरवून अमावास्येचा दिवस नेमला व सामानाची यादी धाडली. लिंबें, नारळ, सुक्या मिरच्या. सारा माल ह्यांच्याच दुकानांतून जावयाचा! मिरच्या कशास, असें विचारतां 'धुरी द्यावयाची आहे' असें उत्तर मिळालें, तेव्हां बापाच्या मनांत चलबिचल झाली.

कायद्याचें आधीं सांगतों. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठीं त्यांनीं वर्षानुवर्षें खटपट केली त्याचा वटहुकूम त्याच महिन्यांत निघाला. डिसेंबरांत विधिमंडळानें कायदा संमत केला. एका सत्पुरुषाचा प्राण गेल्यावांचून सरकारची लेखणी हलली नाहीं, ही लाज येथें नमूद करून पुढें जातों. भूत उतरविण्याच्या मिषानें दोरानें वा साखळीनें बांधणें, चाबकानें मारणें, मिरचीची धुरी देणें, तापलेल्या वस्तूचे चटके देणें हे आतां गुन्हे असून त्यांस सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद व पांच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. त्यास साहाय्य वा चिथावणी देणारासही तीच शिक्षा. तेव्हां मुलीस हातीं धरून नेणारा बाप 'मी नुसता उभा होतों' म्हणून सुटेल, अशा भ्रमांत कोणी राहूं नये.

पण देवऋषीस नांवें ठेवणें सोपें आहे. आमच्या सुशिक्षित वर्गाची रीत निराळी : मूल असें कांहीं बोललें कीं 'खोटें बोलतेस' म्हणून थोबाडींत द्यावयाची. ही कांहीं सुधारणा नव्हे. झोंप व जागृति यांच्या सीमेवर निरोगी माणसांसही आकृति दिसतात, हांका ऐकूं येतात. जिवाचें माणूस गेल्यावर तें दिसल्याचा भास पुष्कळ प्रौढांसही होतो. लहान मुलें तर कल्पनेंतल्या सोबत्याशीं तासन् तास बोलतात. मुलास दिसलें हें खरें. त्याचा अर्थ लावतात तीं वडील माणसें, आणि भीति शिरते ती तेथून.

मात्र भर दिवसा, पूर्ण जागेपणीं आवाज ऐकूं येऊं लागले, ते हुकूम सोडूं लागले, मूल जेवण, खेळ, शाळा टाकूं लागलें, अगर मध्येंच शून्य नजरेनें थिजूं लागलें, तर विनाविलंब डॉक्टर गांठावा. अपस्मार बहुधा औषधानें आटोक्यांत येतो, धुरीनें येत नाहीं. जवळ डॉक्टर नसेल त्यानें सरकारच्या 'टेली-मानस'कडे १४४१६ या क्रमांकावर विचारावें. पैसा पडत नाहीं.

त्या व्यापाऱ्यांस आम्हीं एकच प्रश्न केला : आजी काय करते, हें तुम्हीं मुलीस विचारलें काय ? विचारलें नव्हतें, घरांत कोणीच विचारलें नव्हतें.

परवां ते पुन्हां आले. 'बोलत नाहीं, नुसती पान कुटते', असें मुलीनें सांगितलें म्हणे. म्हातारीस दांत नव्हते; रोज रात्रीं पान कुटून देण्याचें काम ह्या नातीचें. आजी अत्यवस्थ होतांच पोरीस मामाकडे धाडलें, आणि ती गेल्याचें तिला आठ दिवस कोणीं कळविलें नाहीं. त्यांनीं आतां माळ्यावरचा खलबत्ता खालीं काढून मुलीच्या हातीं दिला आहे, आणि निजतेवेळीं स्वतः तिच्याशेजारीं बसतात. आजी अद्याप दिसते; पण मुलगी दिवा मालवूं देते. देवऋषीची यादी ते आमच्या मेजावर ठेवून गेले. मिरच्या दुकानांत परत गेल्या.