रिकाम्या खोलीतला गारवा

आजचा विषय इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी. नाव मोठं, कल्पना सोपी. जांघेतल्या किंवा मनगटातल्या रक्तवाहिनीत बारीक छिद्र पाडायचं, क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत कॅथेटर नावाची पातळ नळी आत सरकवायची आणि दुखण्याच्या जागी पोहोचून उपचार करायचा. 1964 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांनी एका 82 वर्षांच्या बाईंच्या पायातली अरुंद रक्तवाहिनी अशीच रुंद केली. पाय कापायला बाईंनी नकार दिला होता. पाय वाचला.

चिरफाड कमी, म्हणजे निसर्गालाही त्रास कमी, असं आपण सहज धरून चालतो. पण हा तर्क बरोबर नाही. शरीरावरची जखम लहान असली म्हणून बाहेरची जखमही लहानच असेल, असं त्यातून निघत नाही.

2021 मध्ये अमेरिकेतल्या एका शिक्षण-रुग्णालयातल्या अशा विभागाचा, कामाच्या पाच दिवसांचा हिशेब प्रसिद्ध झाला. कार्बन डायऑक्साइडच्या मापात सुमारे 23,500 किलो. ऐकल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं? प्लास्टिकने भरलेल्या पिशव्या. पण कचऱ्याची विल्हेवाट त्यात जेमतेम दोन टक्के होती! जवळपास निम्मा वाटा वातानुकूलनाचा होता, आणि सुमारे चाळीस टक्के एकदाच वापरायच्या वस्तू बनवण्याचा नि वाहून आणण्याचा. म्हणजे जे दिसतं ते थोडं, आणि जे मोठं आहे ते दिसतच नाही.

आता उपाय बघू. या खोल्यांतली हवा सतत बदलावी, गाळावी, थंड करावी लागते. रुग्ण टेबलावर असताना ते हवंच. पण रात्री आणि रविवारी, खोली रिकामी असताना? तातडीच्या रुग्णासाठी एक खोली सज्ज ठेवून बाकीच्यांचा जोर उतरवता येतो. हे एकट्या डॉक्टरांचं काम नव्हे. रुग्णालयाचे अभियंते आणि संसर्ग-नियंत्रणाचे लोक एकत्र बसले पाहिजेत.

दुसरं, 'लागलं तर असावं' ही सवय. निर्जंतुक पाकीट एकदा फोडलं की आतली वस्तू वापरा अगर वापरू नका, ती गेलीच. तयार किटमधलं काय नेहमी न वापरता टाकलं जातं, ते महिनाभर मोजा आणि पुरवठादाराला ते घालूच नका म्हणून सांगा. महागडी वायर हाताशी ठेवा, पण मागितल्यावरच फोडा.

मागून प्रश्न आलाय : मग कॅथेटर धुऊन पुन्हा का वापरू नये? प्रश्न रास्त आहे, आणि खरी कसोटी इथेच आहे. नळी अरुंद, आतल्या पोकळीत रक्त राहिलं तर दिसत नाही. संसर्गाचा, नळी तुटण्याचा धोका कोणाला? टेबलावरच्या माणसाला. काही उपकरणं कडक नियमांखाली शुद्ध करून पुन्हा वापरता येतात, अमेरिकेत तशी व्यवस्था आहे. पण रुग्णाला न सांगता, वर नव्या वस्तूचे पैसे लावून हे करणं ही पर्यावरणाची सेवा नव्हे, ती फसवणूक आहे.

हान्स योनास या जर्मन तत्त्वज्ञाने 1979 च्या ग्रंथात, जे अजून जन्मलेले नाहीत त्यांच्याविषयीची आपली जबाबदारी मांडली. डॉक्टरांपुढे आता असे दोन रुग्ण आहेत : एक टेबलावरचा आणि एक अजून न आलेला. दुसऱ्यासाठी पहिल्याच्या वाट्याचं काही काढायचं नाही, हा नियम पक्का धरा. तो पाळूनही पुष्कळ उरतं. रिकाम्या खोलीतला गारवा कोणत्याच रुग्णाच्या वाट्याचा नाही, आणि न लागणारं पाकीटही नाही. सुरुवात तिथून करू या.

इथे थांबतो. प्रश्न विचारा.